पिवळ्या चहाची अढी

१५९७ साली हांगझौकडच्या श्यू त्सशू नावाच्या एका चहावेड्या गृहस्थानं 'छा शू' नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. चहा कुठला घ्यावा, पाणी कुठलं असावं, कढई कशी हवी, सोबत कोण बसलेलं चालेल आणि कोण चालणार नाही, अशा सगळ्या गोष्टींवर या माणसाची ठाम मतं होती. पुस्तकात सुरुवातीलाच तो यांगत्से नदीच्या उत्तरेकडे पिकणाऱ्या चहाबद्दल बोलतो. लोक त्याला लुआनचा चहा म्हणतात, पण लुआन हे नुसतं प्रांताचं नाव झालं. चहा खरा येतो हुओशान तालुक्यातल्या डोंगरातून, असं तो सांगतो. तिथे चहा भरपूर होतो. हनान, शान्शी, शेन्शी इथले लोक हाच चहा पितात. दक्षिणेतले लोकही जपून ठेवतात, कारण त्यानं तेलकट खाल्लेलं पचतं आणि पोटातलं साचलेलं निघून जातं.

एवढं कौतुक झाल्यावर लगेच तो त्या डोंगरातल्या माणसांवर घसरतो. त्यांना चहा करता येत नाही, म्हणे. स्वयंपाकाच्याच कढईत, मोठमोठी लाकडं पेटवून ते पानं भाजतात आणि कढईतून काढायच्या आधीच पानं करपतात. वर बांबूच्या भल्यामोठ्या टोपल्यांमध्ये ती गरम असतानाच भरून ठेवतात. मग हिरव्या देठांचा, जांभळ्या कोंबांचा कितीही उत्तम माल असला तरी तो पिवळा पडतो. जेवणाबरोबर ढोसायला ठीक, पण चव घेत बसण्याच्या लायकीचा नाही.

चीनमधली चहाची पाठ्यपुस्तकं आज पिवळ्या चहाची गोष्ट सांगताना बहुतेकदा इथून सुरू करतात. म्हणजे, जगातल्या सगळ्यात दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या चहाच्या प्रकाराचा जन्मदाखला ही एक तक्रार आहे. मला या दाखल्यातली विसंगती फार आवडते. तीन प्रांतांचे लोक पितात, दक्षिणेतले जपून ठेवतात, आणि तरी करणाऱ्यांना करता येत नाही! श्यूच्या डोक्यात हे दोन्ही एकाच वेळी बसत होतं. ज्यांच्या टोपलीत चहा पिवळा होत होता त्यांनी मात्र काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे टोपल्या गरम असतानाच भरण्यामागे त्यांचा आळस होता, लाकूडफाट्याचा आणि माणसांचा हिशेब होता, की त्यांना ती चवच आवडत होती, हे आपल्यापर्यंत फक्त त्यांच्या टीकाकारामार्फत पोचतं.

पिवळा चहा म्हणजे नक्की काय, हे आधी सांगायला हवं, कारण नावानं फार घोटाळे होतात. आपण रोज उकळतो तो चहा, हिरवा चहा आणि पिवळा चहा ही एकाच झाडाची पानं. युरोपला हे बराच काळ कळलं नव्हतं. लिनियसनं १७६२ साली चहाच्या दोन वेगवेगळ्या जाती केल्या होत्या, एक काळ्या चहाची आणि एक हिरव्या चहाची. फरक झाडात नसून खुडल्यानंतरच्या काही तासांत असतो. पान खुडलं, चुरगळलं की त्यातली विकरं म्हणजे एन्झाइम्स कामाला लागतात आणि चिरलेलं सफरचंद लाल पडतं तसं पान लालसर तपकिरी व्हायला लागतं. हे पूर्ण होऊ दिलं की आपला नेहमीचा चहा. (इंग्रज त्याला काळा म्हणतात, चिनी लोक लाल. कपाकडे बघितलं तर चिन्यांचं बरोबर आहे.) अर्ध्यावर थांबवलं तर ऊलाँग. पान फारसं न हाताळता नुसतंच कोमेजू देऊन वाळवलं तर पांढरा चहा. आणि काहीच होऊ द्यायचं नसेल तर पान आल्याआल्या तापलेल्या कढईत टाकायचं किंवा वाफवायचं. त्या उष्णतेनं विकरं मरतात, हिरवा रंग टिकतो. या पायरीला चिनी भाषेत 'शा-छिंग' म्हणतात. शब्दशः, हिरव्याची हत्या. हिरवा टिकवण्यासाठी केलेल्या कृतीचं नाव हिरव्याची हत्या का असावं हा प्रश्न मला पडतोच. पण इथे 'हिरवा' म्हणजे कच्चेपणा, कच्च्या पानाचा उग्र वास, असं घेतलं की अर्थ लागतो.

पिवळ्या चहाची सुरुवात हिरव्यासारखीच होते. पानं कढईत पडतात, विकरं मरतात. पुढे मात्र हिरवा चहा करणारा माणूस जी गोष्ट जिवापाड टाळतो नेमकी तीच केली जाते. गरम, ओलसर पानं लगेच पसरून, वाळवून मोकळी न करता कागदात किंवा कापडात गुंडाळून नाहीतर ढीग करून झाकून ठेवतात. याला 'मन-हुआंग' म्हणतात. 'मन' म्हणजे कोंडणं, झाकण ठेवून वाफेत गुदमरवणं. 'हुआंग' म्हणजे पिवळं. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे: अढी. कैऱ्या पेंढ्यात दडपायच्या, वर पोतं घालायचं आणि त्यांना आपापल्या उबेत पिवळं होऊ द्यायचं. शास्त्राच्या दृष्टीनं उपमा लंगडी आहे. आंबा अढीतही जिवंत असतो आणि स्वतःच्याच वायूनं पिकतो, तर चहाच्या पानातली विकरं कढईतच संपलेली असतात. तिथे जे घडतं ते नुसत्या उष्णतेनं आणि ओलाव्यानं. हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा रंग वर येतो. तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स बदलतात, त्यांतली जास्त बोचरी असतात ती कमी होतात. प्रथिनं आणि पिष्ट थोडी मोडून गोडवा वाढतो. काळ्या चहात हे काम विकरं झपाट्यानं आणि वेगळ्या वाटेनं करतात. दुसरा शेजारी म्हणजे पु-अरसारखा गडद चहा. तिथेही ओल्या पानांचे ढीग लावतात, पण तिथली मुख्य कारागिरी जिवाणू-बुरशींची असते आणि ती आठवडेच्या आठवडे चालते. पिवळ्या चहात त्यांना आमंत्रण नाही. काही दिवसांत खेळ आटपायचा.

जिभेवर फरक काय पडतो? ताज्या हिरव्या चहात गवताचा, वाटाण्याच्या शेंगेचा जो वास येतो तो पिवळ्यात जवळजवळ गेलेला असतो. घशाला लागणारी टोचणी जाते. कोवळं मक्याचं कणीस वाफवल्यावर येतो तसा काहीसा वास, आणि मऊ, गोलसर चव. उत्तेजित वगैरे करणारा हा चहा नाही. ज्यांना हिरव्या चहाचा करकरीतपणा आवडतो त्यांना तो चक्क शिळा वाटू शकतो, आणि त्यांच्या जिभेला मी नावं ठेवणार नाही.

श्यू त्सशूची जीभ याच दुसऱ्या गटातली होती. तो एकटा नव्हता. त्याच्यानंतर काही दशकांनी निंगबोकडच्या वन लोंग नावाच्या लेखकानं चहा भाजताना शेजारी एक माणूस पंखा घेऊन उभा करावा, असं सांगितलं. पंख्यानं गरम हवा हाकलली नाही तर चहा पिवळा पडतो आणि रंग, वास, चव तिन्ही उतरतात. आपण हे स्वतः करून पाहिलं आहे, असंही तो नोंदवतो: वारा घातला तर पाचूसारखा हिरवा, नाही घातला तर पिवळा. हा छोटासा प्रयोग मला श्यूच्या तक्रारीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पिवळं होण्याचं कारण कोंडलेली उष्णता आहे हे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच इतकं स्वच्छ माहीत होतं. एकाला जो दोष टाळायचा होता, तोच दुसऱ्याला मुद्दाम घडवून आणता येणार होता. कृती तीच, फक्त पंखा खाली ठेवायचा.

या लोकांना हिरव्याचं इतकं वेड का होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. चहा हिरवाच असावा हा चीनमधला अनादी नियम वगैरे नाही. आठव्या शतकात, तांग काळात लू यूनं 'छा चिंग' लिहिलं तेव्हा चहाची पानं वाफवून, कुटून, त्यांच्या वड्या थापत. पिताना वडी शेकायची, दळायची, पाण्यात उकळायची. कुठल्या भट्टीचा वाडगा चांगला हे लू यूनं ठरवलं ते चहा त्यात कसा दिसतो यावरून. युए प्रांताचे निळसर-हिरवे वाडगे उत्तम, कारण त्यात चहा हिरवा दिसतो. शिंगचे पांढरे वाडगे त्याखालचे, कारण त्यात तो लाल दिसतो. शौझौचे वाडगे पिवळे, त्यात चहा जांभळट दिसतो, म्हणून बाद. गंमत म्हणजे हुओशान त्या काळी याच शौझौमध्ये मोडत होतं. म्हणजे तिथल्या लोकांना हांगझौकरांच्या आठशे वर्षं आधीही पिवळ्या रंगाबद्दल बोलणी खावी लागली होती, फक्त तेव्हा ती भांड्यांवरून.

सोंग काळात फॅशन पार बदलली. चहाची पूड घुसळून त्यावर फेस आणायचा आणि तो पांढराशुभ्र हवा. पांढरा उठून दिसावा म्हणून वाडगे काळे झाले. फूच्येनमधल्या राजेशाही बागांतून वड्यांवर ड्रॅगनचे ठसे उमटवलेला चहा दरबारात जाई, आणि त्या वड्यांसाठी कोंब खुडण्यात, धुण्यात, पिळण्यात, दळण्यात माणसांचे हाल होत. हे सगळं १३९१ साली एका फर्मानानं संपलं. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग हा मूळचा अन्नान्न दशा पाहिलेला शेतकऱ्याचा पोर. वड्यांचा चहा करण्यात प्रजेची ताकद वाया जाते, यापुढे दरबाराला सुटे कोंबच पाठवा, असा त्यानं हुकूम काढला. चहाच्या इतिहासात एका माणसाच्या निर्णयानं इतका फरक क्वचितच पडला असेल. वडी गेली, दळणं गेलं, फेस गेला. सुटं पान कढईत भाजून गरम पाण्यात नुसतं सोडायची पद्धत रूढ झाली. आता पान डोळ्यांना दिसू लागलं, आणि दिसू लागल्यावर ते कसं दिसतं याला किंमत आली. श्यू आणि वन लोंग हे या नव्या, दृश्य चहाचे रसिक. कढईत एका वेळी चारच औंसांच्या आसपास पानं टाकावीत, जळण म्हणून फक्त बारीक फांद्या वापराव्यात असले त्यांचे नियम वाचले की कळतं, हा चहा फुरसत असलेल्यांचा होता. दाब्ये पर्वतातल्या कुटुंबाला वसंतातल्या थोड्या दिवसांत डोंगराएवढा माल हातावेगळा करायचा असे. त्यातला काही लुआनच्या नावानं दरबारी खंडणी म्हणून जाई, उरलेला व्यापारी उत्तरेला नेत. चार औंसांच्या घाण्यानं त्यांचं भागलं नसतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पाकिटांवर फार ठोकून दिलेलं असतं. 'हुओशान हुआंगया', म्हणजे हुओशानचे पिवळे कोंब, हे नाव तांग काळापासूनचं आहे. नवव्या शतकात ली झाओनं आपल्या काळातल्या नामांकित चहांची यादी दिली आहे. त्यात शौझौमधले हुओशानचे पिवळे कोंब आहेत आणि सिचुआनचा मेंगदिंगही आहे. म्हणून पिवळा चहा बाराशे वर्षं जुना, असं दुकानदार सांगतात. नाव बाराशे वर्षांचं आहे, हे खरं. पण त्या काळची पद्धत वाफवण्याची, आणि कोवळा कोंब झाडावरच पिवळसर असू शकतो. रंगाचं नाव पानावरून आलं की कृतीवरून हे नुसत्या नावावरून ठरत नाही. आपल्याकडे 'इंद्रायणी' म्हणून मिळणारा सगळा तांदूळ इंद्रायणीकाठचा असतो का? शिवाय पिवळा या अर्थाचा 'हुआंग' आणि सम्राट या अर्थाचा 'हुआंग' यांचा उच्चार एकच. हा योगायोग विक्रेत्यांच्या पथ्यावर पडतो आणि पिवळा चहा म्हणजे राजाचा चहा, असं समीकरण तयार होतं.

राजाकडे जाणारे चहा होतेच. हुनानमधल्या तोंगतिंग सरोवरात ज्युनशान नावाचं जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट आहे. सम्राट शुनच्या दोन राण्या त्याच्या मृत्यूनंतर इथे रडल्या आणि त्यांच्या आसवांनी इथल्या बांबूंवर ठिपके पडले, अशी कथा आहे. छियनलोंग बादशहाच्या काळात, १७८१ सालापासून, या बेटावरून दरवर्षी १८ चिन चहा दरबारात जाऊ लागला. त्या वेळच्या मापानं हे साधारण पावणेअकरा किलो. आकडा छोटा वाटतो. पण आज जो 'ज्युनशान यिनझेन', म्हणजे ज्युनशानच्या रुपेरी सुया, या नावानं विकला जातो त्याच्या अर्ध्या किलोत पंचवीसेक हजार कोंब असतात, हे लक्षात घेतलं की तो वेगळा दिसू लागतो. दरबारी मालाच्या खुडणीवर तालुक्याचा अधिकारी माणसं नेमून देखरेख ठेवी आणि बेटावरचे भिक्षू तो तयार करत. मौजेची गोष्ट अशी, की जुन्या स्थानिक नोंदी या चहाची तुलना कमळबीजातल्या हिरव्या कोंबाशी करतात, आणि त्याच्यावरच्या पांढऱ्या लवेचं कौतुक करतात. पिवळ्याचा पत्ता नाही. त्यामुळे राजाला गेलेला तो चहा आजच्या अर्थानं पिवळा होता की नाही, याबद्दल पाकीट काहीही म्हणो, मी पैज लावणार नाही.

आजचा ज्युनशान मात्र अढीचा नमुनाच आहे. पाऊस असेल तर खुडायचं नाही, कोंब उघडला असेल, जांभळा पडला असेल, पोकळ असेल, वाकडा असेल, किडीनं खाल्ला असेल तर घ्यायचा नाही, अशी निषेधांची मोठी यादी आहे. कोंब हलक्या हातानं भाजतात, गार करतात, थोडे वाळवतात आणि मग सेर-दीड सेराच्या पुड्या जाड कागदात बांधून पेटीत ठेवतात. जवळजवळ दोन दिवस. मग उघडून पुन्हा थोडं शेकायचं आणि पुन्हा बांधून आणखी वीसेक तास ठेवायचं. सगळं मिळून तीन दिवस-रात्री. सिचुआनमधला मेंगदिंग हुआंगया याहून किचकट. भाजा, कागदात गुंडाळा, पुन्हा भाजा, पुन्हा गुंडाळा, तिसऱ्यांदा भाजा, पसरून ढीग करा, चौथ्यांदा भाजा, मग शेका. पुडी आतून किती गरम आहे, किती ओली आहे हे हातानं बघायचं. फार गरम झाली तर आंबूस वास धरते, गार पडली तर पान हिरवंच राहतं, आणि फार वेळ राहिली तर नुसतं तपकिरी. हिरव्या चहात चूक झाली तर ती लगेच दिसते. इथे ती चोवीस तासांनी पुडी उघडल्यावर कळते, आणि तोवर वर्षभराचा सगळ्यात महाग माल त्या पुडीत असतो.

चिनी लोक हिरव्यासाठी आग्रही होते त्याहून परदेशी गिऱ्हाईक जास्त आग्रही निघालं. १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपं आणि माहिती मिळवायला चीनमध्ये वेशांतर करून हिंडणारा रॉबर्ट फॉर्च्यून दक्षिण आनहुईतल्या हुईझौ भागात पोचला. निर्यातीच्या हिरव्या चहात प्रशियन ब्लू आणि जिप्सम मिसळून त्याला झळाळी आणतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. कामगारांचे हात निळे झालेले होते. त्यानं हिशेब केला की शंभर पौंड रंगवलेल्या चहामागे पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडापेक्षा जास्त रंग आणि जिप्सम जातं. चिनी लोक स्वतः हा चहा पीत नव्हते, हे वेगळं सांगायला नको. यांगत्सेच्या पलीकडे, दोनेकशे किलोमीटरवर, हुओशानचे लोक नेमके त्याच काळात चहा मुद्दाम पिवळा करत असणार. या माणसानं पाठवलेल्या रोपांवर हिमालयाच्या पायथ्याचे मळे उभे राहिले. आसामात पुढे देशी जातच जास्त रुजली. तिथून घराघरात पोचलेला चहा लाल-काळा होता. आपल्यापर्यंत नाव तेवढं चिनी आलं. आपला 'चहा', फारसी 'चाय', पोर्तुगीज 'शा', सगळे एकाच 'छा'चे नातेवाईक. पिवळा मात्र ना कंपनीच्या जहाजात चढला, ना आपल्या किटलीत.

पिवळा हा स्वतंत्र वर्ग म्हणून पक्का कागदावर आला तो विसाव्या शतकात. आनहुईच्या कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक छन च्वान यांनी १९७९ साली चहाचं वर्गीकरण पानाच्या रंगापेक्षा कृतीवर आणि कॅटेचिन्सच्या बदलावर बसवलं: हिरवा, पिवळा, गडद, पांढरा, ऊलाँग आणि लाल. हे सहा वर्ग आता चीनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतात आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनंही ते स्वीकारले. छन च्वान आनहुईत काम करत होते, हुओशानही आनहुईतच. पिवळ्याला सहांत जागा मिळण्यात याचा वाटा किती, हा माझा आपला एक कुतूहलाचा विषय. उत्पादनाच्या हिशेबानं बघितलं तर पिवळ्याचा वाटा चीनच्या एकूण चहात एक टक्काही नाही.

आणि त्या एक टक्क्याच्याही आतल्या मालात खोट असते. हुओशान हुआंगयाची पद्धत मधल्या काळात जवळपास पुसली गेली होती. १९७१-७२च्या सुमाराला तालुक्यातल्या तंत्रज्ञांनी जुन्या चहा करणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठून, त्यांच्या आठवणींवरून तो पुन्हा करून पाहिला. पद्धत परत आली, पण गिऱ्हाईक आलं नाही. लोकांना हिरवा रंग हवा, वसंतातला ताजा वास हवा, आणि तोही सणाआधी बाजारात हवा. तीन दिवस पुड्या बांधत बसायचं, निम्मा माल बिघडण्याचा धोका घ्यायचा आणि शेवटी हिरव्यापेक्षा कमी आकर्षक दिसणारा चहा विकायचा, हा व्यवहार कुणाला परवडेल? त्यामुळे पिवळ्या कोंबांच्या नावाखाली मिळणारा बराचसा माल प्रत्यक्षात हिरवाच असतो, कोंडण्याची पायरी उरकलेली किंवा गाळलेली. एका परदेशी ऑनलाइन दुकानातून मी अशी एक पुडी घसघशीत पैसे मोजून मागवली होती. पाणी ओतल्यावर पेल्यात पोपटी पानं तरंगायला लागली आणि खोलीभर कापलेल्या गवताचा वास. चहा म्हणून उत्तम होता. पिवळा नव्हता. तेव्हापासून मी एक सोपी परीक्षा करतो: चहा पिऊन झाला की तळाची भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पसरून उजेडात बघायची. खऱ्या पिवळ्याचं पान पिकल्या लिंबाकडे झुकतं, देठापर्यंत सारखं. हिरव्याचं पान लपत नाही.

२०२२ साली युनेस्कोनं चिनी चहाची पारंपरिक कौशल्यं आपल्या वारशाच्या यादीत घेतली. त्यात एकूण ४४ राष्ट्रीय नोंदी आहेत आणि ज्युनशानच्या पुड्याही त्यात आहेत. उंच काचेच्या पेल्यात ज्युनशानचे कोंब सुईसारखे उभे राहतात, खाली जातात, पुन्हा वर येतात. त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. सुंदर दिसतं. पण मला हुओशानचा दुसरा, गरीब चहा जास्त महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही म्हणून.

त्याचं नाव हुआंगदाछा, मोठा पिवळा चहा. कोंब आणि त्यामागची चार-पाच पानं, देठासकट, जाडीभरडी. शेजारीशेजारी बसवलेल्या तीन कढयांमधून बांबूच्या काड्यांच्या केरसुणीनं ती ढकलत नेतात. थोडी वाळली की टोपल्यांमध्ये दाबून भरतात आणि पाच ते सात दिवस तशीच ठेवतात. मग शेवटचा 'म्हातारा विस्तव': लाल झालेल्या कोळशावर शेकायची मोठी टोपली दोघांनी धरायची, काही क्षण ठेवायची, उचलायची, पानं खालीवर करायची, परत ठेवायची. पाऊण तास हे असंच. पानं काळपट-तपकिरी होतात, त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आणि वास येतो तो थेट भाताच्या खरपुडीचा. त्याला चिनी लोकही हाच शब्द वापरतात, पातेल्याच्या तळाला धरलेल्या भाताचा.

आता श्यूची तक्रार पुन्हा वाचून बघा. मोठी लाकडं, करपट पान, बांबूच्या भल्यामोठ्या टोपल्या, गरम माल भरून ठेवणं, जेवणाबरोबर प्यायचा चहा. पाठ्यपुस्तकं या उताऱ्याचा संबंध पिवळ्या कोंबांच्या नाजूक चहाशी जोडतात. मला तो उतारा हुआंगदाछाचं वर्णन वाटतो, जवळजवळ कृतीच. कोंबांच्या चहाला मधे खंड पडला, त्याला म्हाताऱ्यांच्या आठवणीतून परत काढावं लागलं. हा जाडाभरडा चहा मात्र उत्तरेच्या गिऱ्हाइकावर तगून राहिला. अठराव्या शतकातल्या 'लाल महालाचे स्वप्न' या कादंबरीत घरातली म्हातारी आजी मठात गेल्यावर आधीच सांगून टाकते, मी लुआनचा चहा घेत नाही. श्रीमंत घरात त्याची हीच पत असणार. शान्शी आणि शानतोंगमधल्या घरांनी तो घेतला. तिकडचं पाणी जड, जेवण खारट, आणि हा चहा मोठ्या भांड्यात टाकून दिवसभर पाणी ओतत राहिलं तरी कडू होत नाही. शानतोंगमधल्या डोंगराळ खेड्यांत आजही म्हातारी माणसं पाकिटावर पिवळं, हिरवं काय लिहिलंय हे न बघता, खरपुडीच्या वासावरून तो ओळखून घेतात.